समुद्रावर पडणारा पाऊस ‘वाया’ जात नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाण्याच्या नियोजनावर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे आणि मांडणीही अभ्यासपूर्ण आहे. फक्त एका वाक्यापाशी मी थांबलो. पृथ्वीवरच्या एकूण पावसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पाऊस समुद्रावर पडतो, असे सांगून पुढे म्हटले आहे की तो वाया जातो. आकडा बरोबर आहे. ‘वाया’ हा शब्द मात्र मला लागला. तो एकट्या लेखकाचा नाही, आपण सगळेच तो सहज वापरतो. म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी 1988 ते 2019 अशी एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर होतो. त्यातली बरीच वर्षे सेकंड मेट, म्हणजे दुय्यम अधिकारी म्हणून, बारा ते चारच्या वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर. जहाज चालवणे, नकाशे अद्ययावत ठेवणे ही कामे तर होतीच, पण आमची बहुतेक जहाजे हवामानाच्या नोंदीही पाठवत असत. ही पद्धत जुनी आहे. 1853 साली ब्रुसेल्सला सागरी राष्ट्रांची परिषद भरली आणि भर समुद्रातल्या नोंदी सगळ्यांनी एकाच पद्धतीने ठेवायच्या असे तिथे ठरले. तेव्हापासून जगभरची व्यापारी जहाजे हे काम विनामोबदला करत आली आहेत. हवेचा दाब, तापमान, वारा, लाटा, ढग, आणि दोन गोष्टी ज्या आम्ही डोळ्यांनीच टिपायचो: किती लांबचे दिसते आणि आकाशात काय चालले आहे.

किती लांबचे दिसते यासाठी 90 ते 99 असे दहा अंक असतात. 96 म्हणजे चार ते दहा किलोमीटर, 97 म्हणजे दहा ते वीस, 98 म्हणजे वीस ते पन्नास. नवा होतो तेव्हा मी सवयीने 97 लिहून मोकळा होत असे. एका रात्री कॅप्टनने ते पाहिले. न रागावता मला ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्या बाहेर, विंगवर, म्हणजे बाजूच्या उघड्या सज्जावर नेले आणि क्षितिजाकडे बघायला लावले. क्षितिज नीट दिसत नव्हते. मी बाहेर न जाताच अंक टाकला होता आणि तो चुकीचा होता. त्या दिवसापासून मी माझी स्वतःची वेगळी वही ठेवू लागलो. कोडच्या शेजारी दोन ओळी मराठीत: क्षितिज कसे, आकाशाचा रंग कसा, रेलिंगवर बोट फिरवले तर बोटाला काय लागले.

फेब्रुवारी 1999 ची पाने माझ्या वहीत आजही वेगळी दिसतात. आम्ही आखातातून रिकामे निघालो होतो, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे. अरबी समुद्रात वारा मंद, समुद्र शांत, ढग जवळजवळ नाहीत, आणि तरीही सगळीकडे धुरकट. संध्याकाळी सूर्य मावळत नव्हता, विरघळत होता. पाण्यापासून वीतभर वर असतानाच तो तांबूस होत होत दिसेनासा व्हायचा. चीफ मेटला संध्याकाळी ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढता येईना, कारण क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंटला तारा मिळायचा पण खाली टेकवायला क्षितिजच नसायचे. कोणताही किनारा शेकडो मैल दूर असताना रेलिंगवरून फिरवलेले बोट राखाडी होऊन यायचे. मी रोज 96 लिहीत होतो.

विषुववृत्त ओलांडून पाच-सहा अंश दक्षिणेला गेलो आणि पावसाचा पट्टा लागला. दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे एकमेकांना भेटतात आणि हवा वर चढते तो हा पट्टा. दीड दिवस सरींमागून सरी. रडारचा पडदा पावसाच्या डागांनी भरलेला. बाहेर पडलो त्या सकाळी क्षितिज सुरीने कापल्यासारखे होते. आकाश इतके गडद निळे, की डेकवर रंगकाम करणारी माणसे काम थांबवून वर बघत होती. रेलिंगवर बोट फिरवले. बोटाला पांढरी पूड लागली, जिभेला लावली तर नुसते मीठ. मी 98 लिहिले.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च 1999 मध्ये, हिंदी महासागरात ‘इंडोएक्स’ नावाची मोठी मोहीम चालू होती, हे मला फार नंतर कळले. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन या वातावरणाच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने भारत, अमेरिका आणि युरोपातले शास्त्रज्ञ जहाजे, विमाने, उपग्रह आणि मालदीवमधले एक केंद्र घेऊन हेच धुके मोजत होते. ते पाण्याचे धुके नव्हते. काजळी, गंधकाचे क्षार, धूळ, जळलेल्या लाकडाचा आणि इंधनाचा धूर यांचे ते मिश्रण होते. उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यावर ते हजारो किलोमीटर पसरत होते आणि पावसाच्या त्या पट्ट्यापाशी येऊन संपत होते. पट्ट्याच्या दक्षिणेची हवा जगातल्या स्वच्छ हवांपैकी एक. मधे भिंत नाही, डोंगर नाही. मधे आहे तो फक्त पाऊस, ज्याला आपण वाया गेलेला म्हणतो.

पाऊस हे काम नेमके कसे करतो, याबद्दल माझी समजूत बरीच वर्षे चुकीची होती. मला वाटायचे, थेंब वरून खाली येताना वाटेतले कण केरसुणीसारखे झाडून आणतो. मोठ्या कणांच्या बाबतीत हे खरे आहे. वाळूची बारीक धूळ, लाटांच्या फेसातून उडालेले जाडसर मीठ यांच्यावर थेंब आदळतो आणि त्यांना बरोबर घेऊन जातो. पण ज्या कणांनी क्षितिज धुरकट होते ते याहून बारीक असतात, साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या ते हजाराव्या भागाएवढे, आणि ते थेंबाला चक्क चुकवतात. जहाजाच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, पाण्यात तरंगणारे पान आले तर काय होते, ते मी अनेकदा वाकून पाहिले आहे. नाळेपुढचे पाणी बाजूला सरते आणि पान त्या पाण्याबरोबर अलगद वळून निघून जाते. लाकडाचा ओंडका मात्र वळू शकत नाही, तो धडकतो. थेंबाभोवतीच्या हवेतही असेच घडते. याहूनही बारीक, अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके सैरभैर हलत असतात की भटकता भटकता थेंबाला चिकटतात. अडचण मधल्यांची आहे. धडकायला ते फार हलके आणि भटकायला फार जड. 1957 मध्ये ग्रीनफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने ही मधली फट दाखवून दिली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मग ते मधले कण जातात कुठे? ते ढगात जातात. नुसती वाफ स्वच्छ हवेत सहजासहजी थेंब होत नाही, तिला बसायला काहीतरी लागते. जॉन एटकन या स्कॉटिश संशोधकाने 1880 च्या दशकात हवेतली धूळ मोजायचे यंत्रच या तत्त्वावर बनवले होते: हवा दमट करायची, एकदम थंड करायची, प्रत्येक कणावर एक थेंब धरतो, थेंब मोजायचे. ढग म्हणजे हाच प्रयोग आकाशात चाललेला. मिठाचा किंवा गंधकाच्या क्षाराचा कण हे बी, आणि त्याभोवती धरलेला ढगाचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा. पावसाचा एक मोठा थेंब व्हायला असे दहा लाखांच्या घरात थेंब एकत्र यावे लागतात, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात निदान एक कण असतो. ब्रिजच्या काचेवर टपकन पडलेला एक टपोरा थेंब म्हणजे मैलभर उंचीवरच्या हवेतून लाखो कण वेचून आणलेला थेंब. हे समजल्यावर मी काचेवर वाळलेल्या थेंबांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. वाळताना थेंब कडेने एक कडे सोडतो. अरबी समुद्रात हिवाळ्यातल्या पहिल्याच सरीनंतर ते कडे तपकिरी होते. दक्षिणेला पांढरे.

इथे आणखी एक खुलासा केला पाहिजे, कारण माझ्या वहीतली एक जुनी टीपही चुकीची आहे. स्क्वॉल, म्हणजे वाऱ्यासह अचानक येणारी सर, येऊन गेली की दहा मिनिटांत क्षितिज उघडते. मी लिहून ठेवले होते, ‘पावसाने हवा धुतली.’ त्यात धुण्याचा वाटा असतोच, पण सरीबरोबर ढगातली थंड हवा वेगाने खाली येते आणि खालची धुरकट हवा बाजूला ढकलते, त्याचाही वाटा असतो. हवा खरी धुतली जाते ती वर, ढगात, आणि ते काम हळूहळू चालते.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की या कामात मुसळधार पावसापेक्षा भुरभुर पाऊस जास्त उपयोगी पडतो. मुसळधार पाऊस क्वचित आणि थोड्या जागेत पडतो. तिथली हवा पहिल्या काही मिनिटांतच धुऊन निघते, मग कितीही पाणी पडले तरी धुवायला फारसे उरत नाही. समुद्रावरच्या बसक्या ढगांतून रोज, तासन्‌तास, विस्तीर्ण भागावर जी भुरभुर चालते, ती पावसाच्या हिशेबात मिलिमीटरभरही भरत नाही, पण हवेला सतत चाळत असते. पर्जन्यमापकात ती जवळजवळ दिसतच नाही. हलत्या जहाजावर तर पर्जन्यमापकाचा भरवसाच नाही, वारा थेंब उडवतो आणि लाटांचे तुषार आत येतात. 2006 मध्ये ‘क्लाउडसॅट’ उपग्रहाचे रडार वरून ढग कापून पाहू लागले, तेव्हा या भुरभुरीचा पसारा लक्षात येऊ लागला. 2014 मध्ये अमेरिका आणि जपान यांनी मिळून पाऊस मोजणारा ‘जीपीएम’ उपग्रह पाठवला आणि 2024 मध्ये युरोप व जपान यांचा ‘अर्थकेअर’ वर गेला. तो ढग आणि कण दोन्ही एकत्र पाहतो.

एवढेच नाही, थेंब समुद्रापर्यंत पोचला नाही तरी कणांची संख्या घटते. ढगात दोन थेंब एकमेकांत मिसळले की दोघांच्या पोटातले कण एकत्र होतात. हा थेंब वाटेत सुकला तर मागे दोन कण उरत नाहीत, एकच उरतो, थोडा मोठा. वजन तेवढेच, पण ढगाला मिळणाऱ्या बिया कमी झाल्या. बिया कमी म्हणजे पुढचा ढग कमी पण मोठ्या थेंबांचा, मोठे थेंब म्हणजे लवकर पाऊस, पाऊस म्हणजे आणखी कमी बिया. हे चक्र एकदा धरले की वेगाने फिरते. चिली आणि पेरूच्या पश्चिमेला समुद्रावर राखाडी ढगांची सलग चादर असते. तिला मधेच मोठमोठी भोके पडतात आणि तिथे ढग मधमाशीच्या पोळ्यासारखे होतात: कडेला ढग, मधे मोकळे आकाश. आम्ही त्या चादरीखालून आठवडाभर सूर्य न पाहता जायचो आणि मग अचानक असा तुकडा लागायचा, सरींचा आणि लख्ख उन्हाचा. तिथल्या एका घन सेंटिमीटर हवेत, म्हणजे लहानशा फाशाएवढ्या जागेत, ढगाचे बीज होऊ शकणारे कण दहा-वीसच्या घरात उतरतात. स्वच्छ समुद्रावर ते एरवी शंभराच्या आसपास असतात, धुरकट हवेत हजाराच्या पुढे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातही असेच पोळ्यासारखे ढग हवा धूत असतात. हिवाळ्यात तिथे वारा पिसाटतो, लाटा फुटतात, फेस उडतो. मिठाचे कण वाढायला हवेत आणि हवा जड व्हायला हवी, असे कुणालाही वाटेल. पण टास्मानियाच्या वायव्य टोकावरच्या केप ग्रिम केंद्रात 1976 पासून हवा मोजली जाते आणि तिथे ढगांच्या बिया हिवाळ्यातच सर्वांत कमी असतात. एक कारण म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती थंडीत गंधकाचा वायू कमी सोडतात, त्यामुळे नवे कण कमी बनतात. दुसरे कारण सरी, थोडा वेळ पडणाऱ्या पण सारख्या येणाऱ्या. वारा भरतो आणि पाऊस रिकामे करतो.

हवेतून धुतलेले जाते कुठे, हाही प्रश्न आहे. समुद्रात. 1832 च्या जानेवारीत ‘बीगल’ जहाजावर चार्ल्स डार्विनने केप व्हर्दे बेटांजवळ आकाशातून पडणारी बारीक तपकिरी धूळ गोळा केली आणि 1846 मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. ती आफ्रिकेची धूळ. त्याच पाण्यात आमच्या पांढऱ्या रेलिंगवर मी ती पाहिली आहे. पाऊस नसताना ती कोरडी, पिठासारखी असते. हलकी सर आली की तिचे विटकरी ओघळ होतात आणि डेक धुवायला दोन दिवस जातात. त्या धुळीत लोह असते. जॉन मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, की दक्षिण महासागरासारख्या मोठ्या भागांत बाकी सगळे पोषण असूनही केवळ लोहाअभावी सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. ढगातल्या किंचित आम्ल पाण्यात धुळीतले लोह विरघळायला सोपे होते, म्हणून पावसातून आलेले लोह त्यांना लवकर लाभते. त्या वनस्पतींवर समुद्रातले सगळे खाणे उभे आहे.

पाऊस निवड मात्र करत नाही. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात समुद्राचे पाणी तपासले तेव्हा वरच्या थरात शिसे खोलवरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. ते मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे होते, हवेतून आलेले. शिशाचे पेट्रोल जगातल्या शेवटच्या पंपावरून 2021 मध्ये गेले. हवा धुतली म्हणून घाण संपत नाही, तिची जागा बदलते. जमिनीवर आपण जे हवेत सोडतो त्याचा मोठा हिस्सा आठवड्याच्या आत-बाहेर असा कुठेतरी पाण्यात उतरतो.

आमच्या स्वतःच्या धुराचेही सांगायला हवे. जहाजाच्या फनेलमधून, म्हणजे धुराड्यातून, निघणारा गंधकयुक्त धूर समुद्रावरच्या बसक्या ढगांना लाखो नव्या बिया पुरवतो. तेवढ्याच पाण्याचे जास्त पण बारीक थेंब होतात. बारीक थेंब सहज एकत्र येत नाहीत, भुरभुर थांबते आणि ढग जास्त पांढरा दिसतो. 1960 च्या दशकात उपग्रहांच्या सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रांतच ढगांत उमटलेल्या जहाजांच्या रेषा दिसल्या होत्या. म्हणजे जी भुरभुर हवा धुते, तीच आम्ही आमच्या वाटेवर थोपवत होतो. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली आणि त्या रेषा खूप कमी झाल्या. मी जहाजावरून उतरलो त्यानंतर काही महिन्यांतच हे घडले. निवांत बसून ती चित्रे पाहताना मला बरे वाटले, आणि तीस वर्षे ज्या धुराखाली आम्ही जेवलो-झोपलो त्याचे वाईटही वाटले.

शेवटची काही वर्षे ज्या कंपनीत होतो तिथे जहाजावर हवामानाचे स्वयंचलित यंत्र बसवले गेले आणि अधिकाऱ्यांनी हाताने नोंदी पाठवण्याची गरज नाही असे पत्र आले. यंत्र चांगले होते. दाब, तापमान, आर्द्रता, वारा दर तासाला बिनचूक पाठवत होते, मध्यरात्री कुणाला उठावे लागत नव्हते. पण क्षितिज कसे आहे आणि आकाशात काय चालले आहे, हे दोन रकाने त्या दिवसापासून रिकामे गेले. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, उपग्रह आहेत ना. उपग्रह आहेत, आणि ते मला दिसले नसते असे बरेच काही दाखवतात. पण उपग्रह वरून पाहतो आणि ढगाची खालची बाजू त्याला सहज दिसत नाही. ब्रिजवरच्या माणसाला दिसते. या नोंदींत 14 असा एक अंक आहे. त्याचा अर्थ: पाऊस नजरेच्या टप्प्यात दिसतो आहे, पण पाण्यापर्यंत पोचत नाही. ढगाखाली लोंबणाऱ्या राखाडी झालरी, मधेच संपणाऱ्या. वर सांगितलेली ती दोन कणांचा एक कण होण्याची गोष्ट नेमकी त्या झालरींत घडत असते.

म्हणून दोन विनंत्या. पाण्यावरचा लेख पुढे पुस्तिकेत किंवा पुरवणीत घेणार असाल, तर तेवढा ‘वाया’ शब्द गाळावा. आणि आपल्या वाचकांत कुणी जहाजावर नोकरीला असतील, तर त्यांनी वॉचवर असताना विंगवर जाऊन क्षितिज पाहावे आणि शेवटचे दोन रकाने भरावेत, मागणी असो वा नसो.

माझ्या सात वह्या आहेत, 1991 पासूनच्या, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांशासह. शाई काही पानांवर फुटली आहे, पण अंक वाचता येतात. कुणा अभ्यासकाला त्या उपयोगी पडणार असतील, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी